यंत्राने सोडलेला कोपरा



बारडोली हे नाव कानी पडताच १९२८ सालचा सत्याग्रह आठवावा हे स्वाभाविकच होय. सरकारने शेतसारा सुमारे २२ टक्क्यांनी वाढविला, शेतकऱ्यांनी तो भरण्याचे नाकारले आणि त्या लढ्यातून वल्लभभाई पटेल 'सरदार' झाले. तेथील स्वराज आश्रम आजही उभा आहे. परंतु गेल्या उन्हाळ्यात आम्ही बारडोलीस गेलो ते आश्रम पाहण्याकरिता नव्हे. आमच्या धर्मग्रामातील एक कुटुंब दोन पिढ्यांपूर्वी ऊसतोडीसाठी नंदुरबारकडून रेल्वेने तिकडे गेले आणि तेथेच स्थिरावले. आजोबांच्या हाती कोयता होता, वडील सुतारकामास लागले आणि आता नातवाने संगणकाच्या आज्ञेने लाकूड कोरणारे यंत्र घरात आणले आहे. त्या यंत्राविषयी, आणि त्यानिमित्ताने आमच्या हातून घडलेल्या एका चुकीविषयी, आज चार शब्द लिहावयाचे आहेत.

या यंत्रास 'सीएनसी राउटर' म्हणतात. त्याचे मूळ मोठ्या कारखान्यांत आहे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९५२ साली छिद्रे पाडलेल्या कागदी फितीवरील आकड्यांनुसार धातू कापणारे यंत्र लोकांपुढे चालवून दाखविण्यात आले. त्यावेळी ते एका खोलीत मावणे कठीण होते. आज त्याचे धाकटे भावंड टेबलावर बसते. आमच्या या तरुणाचे यंत्र ३० सेंटिमीटर लांब व १८ सेंटिमीटर रुंद एवढ्याच जागेत काम करते. एक मोटर पाते फिरविते. इतर मोटरी त्या पात्यास डावीउजवीकडे, मागेपुढे आणि वरखाली नेतात. संगणकावर आकृती काढावी, तिचे ओळीओळीच्या आज्ञांत रूपांतर करावे, की यंत्र मुकाट्याने चालू लागते. आपल्या पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम स्थापन केला. तेथे २००२ पासून एमआयटीच्या सहकार्याने अशा यंत्रांची 'फॅब लॅब' चालते व खेड्यांतील मुले ही विद्या शिकतात. तेव्हा हे काही परक्यांचेच खेळणे राहिलेले नाही.

मात्र हे यंत्र आंधळे आहे, हे नवशिक्याने प्रथम ध्यानी धरावे. समोर लाकूड आहे की शिकंजा, हे त्यास कळत नाही. सांगितले तेथे ते जाते. म्हणून पहिला धडा वस्तू करण्याचा नव्हेच. यंत्राच्या बैठकीवर एक साधी फळी बसवावी आणि तिचा पृष्ठभाग त्याच यंत्राकडून सपाट करून घ्यावा. एवढे केल्यावाचून पुढील कोरीव काम एका बाजूस खोल व दुसऱ्या बाजूस उथळ उतरते. दुसरा धडा पेल्याखाली ठेवावयाच्या चौकोनी तबकडीचा: मध्ये एक गोल खळगा, बस्स. त्यात खोली मोजण्यास शिकता येते. एका फेरीत पात्याच्या जाडीच्या निम्म्याहून अधिक खोल जाऊ नये, असा साधा नियम नवशिक्याने पाळावा. सागासारख्या लाकडात त्याहूनही कमी. घाई करणाऱ्याचे पाते मोडते. तिसरा धडा दारावरील नावाच्या पाटीचा. लाकडाच्या रेषा कोणत्या दिशेने धावतात हे न पाहता बारीक अक्षरे कोरली, तर 'र' आणि 'व' यांच्या मधला पातळ भाग उडून जातो. आमच्या तरुणाने आपल्याच आडनावाच्या तीन पाट्या अशा वाया घालविल्या आणि मग वडिलांकडे लाकूड निवडण्याविषयी विचारणा केली. घरात या यंत्राविषयी बापलेकांचे ते पहिलेच संभाषण होते, असे त्याच्या आईने आम्हांस सांगितले. तोवर वडील त्या यंत्राकडे पाहतही नसत.

चौथी वस्तू आम्हीच मागितली. आमच्या येथील प्रथम ख्रिस्तशरीरस्वीकाराच्या वर्गात ४० मुले होती. प्रत्येकास मेजावर उभा राहील असा लहान लाकडी क्रूस द्यावा, असे आमच्या मनात आले आणि उपवासकाळाच्या आरंभी आम्ही त्या तरुणास काम सांगितले. क्रूसाच्या दोन पट्ट्या यंत्राने सुबक कापल्या. खालच्या बैठकीत क्रूसाचा पाय बसावा म्हणून चौकोनी खाच कोरली. पण पाय खाचेत शिरेना! कारण उघड आहे. फिरणारे पाते गोल असते. ते खाचेच्या आत काटकोनी कोपरा कधीच काढू शकत नाही. चारही कोपऱ्यांत थोडे लाकूड शिल्लक राहते. तरुण रात्रभर संगणकाशी झगडला. सकाळी वडिलांनी काही न बोलता पटाशी घेतली, कोपऱ्यात उभी धरली, हातोडीने दोन हलके ठोके दिले आणि कोपरा साफ केला. त्यानंतर यंत्र कोरी आणि वडील कोपरे काढीत. ४० बैठका, १६० कोपरे.

हे ऐकून आम्ही संतुष्ट झालो आणि दर आठवड्यास दूरध्वनी करून काम कोठवर आले ते विचारू लागलो. पुनरुत्थानाचा सण होऊन गेल्यावर बारडोलीस गेलो तेव्हा आमचे डोळे उघडले. घर दोन खोल्यांचे. यंत्र आतल्या खोलीत, आणि त्याच खोलीत थोरल्या बहिणीचे सात महिन्यांचे बाळ झोळीत निजलेले. झोळीच्या कापडावर पिठासारखी बारीक धूळ बसली होती. बाळ खोकत होते. आम्ही विचारले, "यंत्र बाहेर का ठेवीत नाहीस?" तो म्हणाला, "फादर, बाहेर पत्रे घालायचे म्हणजे आठवडा जाणार. तुमची तारीख तर जवळ आली ना! म्हणून रात्रीसुद्धा चालवतो."

वाचकहो, त्या उत्तराने आम्ही खजील झालो. बाळाचा खोकला धुळीनेच होता की कसे, हे ठरविणे वैद्यांचे काम. परंतु लाकडाची धूळ निरुपद्रवी नसते, हे जाणण्यास वैद्य नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने १९९५ साली तिची गणना मनुष्यास कर्करोग करणाऱ्या द्रव्यांत केली आहे. एमडीएफच्या फळीत फॉर्मॅल्डिहाइडयुक्त चिकटद्रव्यही असते. हे सारे वर्तमानपत्रांतून आम्ही वाचलेले होते; तरी क्रूस मागताना एकदाही विचारले नाही की, बाळा, हे काम तू कोठे बसून करतोस? आम्ही केवळ तारीख विचारीत राहिलो.

त्याच सायंकाळी यंत्र मागील ओट्यावर गेले. त्यास पेटीसारखे आवरण करण्यात आले आणि धूळ ओढणारी नळी लावण्यात आली. खर्च आम्ही दिला. तो आमच्याच माथी होता. ज्यांच्या घरी असे यंत्र आहे त्यांस आमचे हात जोडून सांगणे आहे की, निजण्याच्या व स्वयंपाकाच्या खोलीत ते चालवू नये. तोंडास चांगला धूळरोधक मास्क व डोळ्यांस चष्मा लावावा. ओढणी, पदर व मोकळे केस दूर ठेवावेत. फिरत्या पात्याजवळ हातमोजे घालू नयेत, कारण ते गुरफटून हातास ओढतात. आणि यंत्र चालू ठेवून बाजारात जाऊ नये. घासून तापलेल्या पात्याने लाकूड पेट घेऊ शकते.

प्रथम ख्रिस्तशरीरस्वीकाराच्या दिवशी आमच्या हाती १४ क्रूस होते. उरलेल्या मुलांस आम्ही वेदीवरूनच खरे कारण सांगितले. त्यांचे क्रूस पेंटेकॉस्टच्या सणापर्यंत आले. कोणीही रुसले नाही. रुसण्याची भीती आमचीच होती.

घरात कोणते यंत्र शोभते, हा प्रश्न नवा नव्हे. बारडोलीच्या लढ्यानंतर एकाच वर्षाने, १९२९ साली, अखिल भारतीय चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे पारितोषिक जाहीर केले होते. तो झोपडीत चालावा, त्याची किंमत १५० रुपयांहून अधिक नसावी आणि स्त्रीने तो आठ तास फार श्रम न होता चालवावा, अशा त्याच्या अटी होत्या. चालविणाऱ्याच्या देहाचा विचार यंत्राच्या आधी झाला होता. पोप दुसरे जॉन पॉल यांनीही १९८१ साली श्रमाविषयीच्या आपल्या परिपत्रकात लिहिले की, यंत्रविद्या माणसाची सहायक आहे, पण प्रसंगी तीच त्याची वैरीण होऊ शकते. ती वैरीण होते ती बहुधा कोणाच्या तरी घाईमुळे, असे आमच्या अनुभवावरून आम्ही त्यात नम्रपणे जोडतो.

१ मे हा श्रमिक संत योसेफाचा सण. पोप बारावे पायस यांनी तो १९५५ साली सुरू केला. नाझरेथच्या त्या घरातही लाकडाचा भुसा उडत असेल आणि एक बालक जवळच खेळत असेल. योसेफाने त्यास धुळीपासून किती अंतरावर बसविले असेल, हा विचार यंदाच्या सणाला आमच्या मनातून जाईना. आपल्या घरी कोणी कारागीर काम करीत असेल, तर त्यास तारीख विचारण्यापूर्वी त्याची बसण्याची जागा एकदा पाहून यावी, एवढीच विनंती.