यादी फाडून टाका!

लातूर-नांदेडहून नोकरीसाठी पुण्यात आलेली मुलं विचारतात, "सुट्टीच्या दिवशी बघण्यासारखं काय आहे हो इथे?" मग आपण शनिवारवाडा, केळकर संग्रहालय, सिंहगड अशी यादी देतो. चार रविवारांत यादी संपते, आणि उरतो तो मॉल!

मला विचाराल तर यादी फाडून टाका. एकच जागा धरा आणि तिथे पुन्हा पुन्हा जा. १९६८ पासून उभ्या असलेल्या बालगंधर्वला महिन्याला एक नाटक, किंवा दर रविवारी पहाटे वेताळ टेकडी. डिसेंबरात 'सवाई'ची भारतीय बैठक. भीमसेनजींनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली सुरू केलेला हा महोत्सव. गाणं कळत नसलं तरी बसा, कानाला हळूहळू सवय होते.

ओळखीचे चेहरे दिसू लागले की शहर आपलं वाटतं. नाहीतर दहा वर्षं भाडं भरूनही माणूस पाहुणाच राहतो.