माती तीच, कुंभार निराळे

पश्चिम आशियांतील कोणत्याही रक्तपाताची वार्ता वर्तमानपत्रांत वाचावी, तों तिच्या शेवटीं एक ठराविक वाक्य बहुधा आढळतेंच, कीं हा शिया आणि सुन्नी यांचा चौदाशें वर्षांचा झगडा आहे. वाचणाराचें समाधान होतें. आणि घरांतील एखादा जिज्ञासु मुलगा अधिक विचारूं लागला, तर वडील माणसेंही हेंच उत्तर देऊन मोकळीं होतात. उत्तर सोपें खरें. परंतु तें अर्धेंच खरें आहे. आणि युद्धाच्या बाबतींत अर्धें सत्य फार घातक असतें. कारण जें भांडण अनादि आहे असें एकदां मानलें, तें मिटविण्याचा यत्न कोणी करीत नाहीं. म्हणून या महिन्यांत ह्या विषयाची थोडी फोड करण्याचें योजिलें आहे.

प्रथम मूळ कथा पाहूं. पैगंबर महंमद हे इ. स. ६३२ मध्यें निवर्तले. त्यांच्या मागें समाजाचें नेतृत्व कोणीं करावें, हा प्रश्न उभा राहिला. बहुसंख्य लोकांनीं पैगंबरांचे ज्येष्ठ सहकारी व श्वशुर अबू बक्र यांस खलीफा मानिलें. कांहींचें मत असें पडलें कीं, तो अधिकार पैगंबरांचे चुलतभाऊ व जामात अली यांचा आहे. अली हे पुढें ६५६ सालीं चौथे खलीफा झाले आणि ६६१ सालीं कूफा येथें मारले गेले. त्यांचे पुत्र हुसेन यांनीं दमास्कसच्या यझीदची सत्ता मान्य केली नाहीं. तेव्हां ६८० सालीं, मोहरमच्या दहाव्या दिवशीं, करबला येथें ते आपल्या मूठभर सोबत्यांसह धारातीर्थीं पडले. आपल्या गांवोगांवचे ताबूत त्याच दिवसाच्या स्मरणार्थ निघतात. अलीचा जो पक्ष तो शिया. पैगंबरांची परंपरा आणि समाजाची एकवाक्यता प्रमाण मानणारे ते सुन्नी. शियांतही शाखा आहेत. इराण-इराकांत बारा इमाम मानणारे अधिक, येमेनांत झैदी, आणि आपल्या पेठेंतील ओळखीचे बोहरी व आगाखानांस मानणारे खोजे हेही बहुतेक शियाच. सर्व मुसलमानांत शियांचें प्रमाण सामान्यतः शेंकडा दहा ते पंधरा धरतात. परंतु इराण, इराक, बहरीन आणि अझरबैजान या देशांत तेच बहुसंख्य आहेत.

एवढ्यावरून हा झगडा अखंड चालत आला आहे असें अनुमान निघतें काय ? आमच्या दर्शनग्रंथांत घटाचें उदाहरण वारंवार येतें. माती हें घटाचें उपादान-कारण. कुंभार, चाक व दंड हीं निमित्त-कारणें. मातीवांचून घट होत नाहीं हें खरें. पण माती आहे एवढ्यानेंही घट होत नाहीं. ती नदीकांठीं शेंकडों वर्षें स्वस्थ पडून राहते; कुंभार चाक फिरवील तेव्हांच घट आकारास येतो. पंथभेद ही माती आहे. युद्ध कां झालें हें जाणावयाचें, तर कुंभार कोण आणि त्यानें चाक केव्हां फिरविलें, हें पाहिलें पाहिजे.

पहिला मोठा कुंभार म्हणजे शहा इस्माईल सफवी. त्यानें १५०१ सालीं तब्रीझ येथें राज्य स्थापून शिया पंथ हा राजधर्म ठरविला. त्या काळीं इराणची बहुतेक प्रजा सुन्नी होती, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. पश्चिमेस तुर्कांचें बलाढ्य उस्मानी राज्य, तें सुन्नी. आपली प्रजा शेजारच्या सुलतानाकडे ओढली जाऊं नये, यासाठीं निराळा पंथ ही सफवींस उत्तम तटबंदीच झाली. १५१४ सालीं चाल्दिरान येथें सुलतान सलीमनें इस्माईलचा पराभव केला. पुढें सव्वाशें वर्षें बगदाद ह्याच्या हातून त्याच्या हातीं जात राहिलें. दोन्हीकडील धर्मशास्त्र्यांनीं परस्परांस पाखंडी ठरविलें. तथापि १६३९ सालीं दोन्ही दरबार थकले, तेव्हां झुहाबचा तह झाला आणि सीमा ठरली. आजच्या इराण-इराक सीमेचा पाया तोच. पाखंड्याशीं तह करतांना कोणाचाही धर्म आड आला नाहीं.

हीच रीत आपल्या दक्षिणेंतही दिसून येते. विजापूरच्या आदिलशाहीनें सोळाव्या शतकांत शिया पंथ स्वीकारला, सोडला, पुन्हां स्वीकारला आणि पुन्हां सोडला. अली आदिलशहा आणि अहमदनगरचा हुसेन निजामशहा हे दोघेही शिया. तरी अलीनें विजयनगरच्या रामरायाचें साह्य घेऊन निजामशाहीवर स्वारी केली, आणि पुढें १५६५ सालीं तेच दोघे एकत्र होऊन रामरायावर चालून गेले. पानिपतच्या वेळीं अयोध्येचा नबाब सुजाउद्दौला हा शिया, आणि अब्दाली व नजीबखान हे सुन्नी. एवढ्यावरून सुजा मराठ्यांस मिळावयास हवा होता. परंतु त्यानें आपल्या सुभ्याची सोय पाहिली व तो अब्दालीच्या छावणींत गेला. पंथ पाहून मित्र ठरविणारा राजा इतिहासांत फार थोडा आढळतो.

आतां अलीकडच्या काळाकडे वळूं. १९७९ सालापूर्वीं इराणांत शहाचें राज्य होतें आणि सौदी अरबस्तानांत सौद घराण्याचें. एक शिया देशाचा अधिपति, दुसरा सुन्नींतही अति कर्मठ अशा वहाबी मताचा आश्रयदाता. मतभेद तेव्हांही आजच्याइतकाच होता. परंतु दोघेही अमेरिकेचे स्नेही असल्यामुळें चढाओढ असली तरी वैर नव्हतें. १९७९ सालीं इराणांत राज्यक्रांति झाली आणि आयातुल्ला खोमेनी यांनीं राजेशाही हीच इस्लामास संमत नाहीं असें प्रतिपादिलें. आखाताच्या कांठच्या प्रत्येक राजाचें सिंहासन त्यामुळें डळमळूं लागलें. त्यांतून सौदी राज्याचें तेल ज्या पूर्व प्रांतांत निघतें, त्याच प्रांतांत तेथील शिया प्रजेची मुख्य वस्ती. सौदी दरबारास भय वाटलें तें राज्य आणि तेल जाण्याचें. पण उत्तर दिलें तें पंथाच्या भाषेंत. इराणनेंही आपला प्रभाव वाढविण्यासाठीं ठिकठिकाणचे शिया गट हाताशीं धरले. चाक दोन्ही बाजूंनीं फिरूं लागलें.

पण १९८० सालीं सद्दाम हुसेननें इराणवर स्वारी केली, तेव्हां काय घडलें तें पाहा. इराकी सैन्यांतील पायदळाचा मोठा भाग शिया होता. ते शिपाई आठ वर्षें शिया इराणविरुद्ध लढले. इराणांतील खुझिस्तानचे अरब आपल्यास मिळतील ही सद्दामची अपेक्षाही बहुतांशीं फोल ठरली. म्हणजे देशाचा अभिमान पंथापेक्षां बलवत्तर ठरला. १९९० सालीं त्याच सद्दामनें कुवेत गिळंकृत केलें. तेथें तर दोन्ही राज्यकर्ते सुन्नीच होते. अझरबैजान हा शियाबहुल देश. परंतु आर्मेनियाशीं त्याचें वैर असतां इराणनें ख्रिस्ती आर्मेनियाशीं स्नेह राखला. गाझांतील हमास ही संघटना सुन्नी. तिला शस्त्रें व द्रव्य इराणनें पुरविलें. २०१७ सालीं सौदी अरबस्तानानें आपल्या मित्रांसह कतारची नाकेबंदी केली. तेथेंही दोन्ही पक्ष सुन्नी, किंबहुना दोघेही वहाबी परंपरेचे. आणि कतारला अन्न धाडलें तें इराणनें. २०२५ च्या जूनमध्यें मात्र त्याच कतारांतील अमेरिकेच्या तळावर इराणनें क्षेपणास्त्रें सोडलीं. आणि त्याच महिन्यांत इस्रायलनें इराणवर केलेल्या हल्ल्याचा सौदी अरबस्तानानें जाहीर निषेध केला. चौदाशें वर्षांच्या झगड्याच्या किल्लीनें हीं कुलपें उघडत नाहींत.

इथवर वाचून कोणी म्हणेल, तर मग पंथभेद हा निव्वळ देखावाच; राजे शहाणे झाले कीं सर्व ठीक होईल. हेंही तितकेंच चुकीचें ठरेल. घटाच्या उदाहरणांत आणखी एक गोष्ट आहे. कुंभार गांव सोडून गेला तरी घट राहतो. आणि आव्यांत एकदां भाजलेली माती पुन्हां चाकावर चढत नाहीं.

बगदाद शहराची कथा ह्याच प्रकारची आहे. तेथें शिया-सुन्नींचीं घरें एका आळींत होतीं, परस्परांत लग्नें होत होतीं. २००३ सालीं अमेरिकेनें सद्दामचें राज्य मोडलें. जुने अधिकारी व सैन्य एका फटक्यानें बडतर्फ झाले, आणि नव्या राज्यव्यवस्थेंत अधिकारांची वांटणी पंथावर होऊं लागली. सुन्नी दहशतवाद्यांनीं शियांच्या बाजारांत व मशिदींत स्फोट घडविले. २००६ च्या फेब्रुवारींत सामर्रा येथील शियांच्या पवित्र दर्ग्याचा सोन्याचा घुमट उडविण्यांत आला आणि सूडाचा वणवा पेटला. रस्त्यांवरील चौक्यांवर माणसाचें नांव विचारून त्याचा जीव घेण्यांत येऊं लागला. एका मोहल्ल्यांत ‘उमर’ हें नांव प्राणघातक, तर दुसऱ्यांत ‘अली’. लोक खोटीं ओळखपत्रें बाळगूं लागले. मिश्र मोहल्ले रिकामे झाले आणि त्यांच्यामध्यें सिमेंटच्या उंच भिंती उभ्या राहिल्या. ज्या पिढीला आजोबांचा पंथ कोणता हें विचारण्याचीही गरज पडली नव्हती, तिच्या मुलांस शेजाऱ्याचें नांव ऐकतांच भय वाटूं लागलें.

येमेनची कथा याहून करुण. तेथील झैदी शिया आणि शाफई सुन्नी हे पिढ्यानपिढ्या एकाच मशिदींत नमाज पढत आले. २०१४ सालीं झैदींतील हूथी पक्षानें राजधानी सना घेतली. २०१५ च्या मार्चमध्यें सौदी अरबस्तानानें मित्रराष्ट्रांसह हवाई हल्ले आरंभिले. इराणनें हूथींस साह्य केलें. संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास-कार्यालयाच्या अंदाजानें २०२१ अखेरपर्यंत ३ लाख ७७ हजार माणसें दगावलीं, आणि त्यांतील बहुसंख्य शस्त्रानें नव्हे, तर भूक, रोग व औषधांचा अभाव यांनीं.

आतां राजांचा समेट किती लवकर होतो तेंही पाहावें. १९८७ सालीं हजच्या वेळीं मक्केंत चकमक होऊन चारशेंहून अधिक माणसें मेलीं. १९८८ सालीं दोन्ही राज्यांचे संबंध तुटले. १९९१ सालीं पुन्हां जुळले. २०१६ च्या जानेवारींत सौदी सरकारनें शिया धर्मगुरु निम्र अल-निम्र यांस देहान्त शिक्षा दिली, तेहरानांत सौदी वकिलातीवर जमावानें हल्ला केला, आणि संबंध पुन्हां तुटले. १० मार्च २०२३ रोजीं पेकिंग येथें, चीनच्या मध्यस्थीनें, ते जोडण्याचा करार झाला. दोन वकिलातींचीं दारें कांहीं महिन्यांत उघडलीं. बगदादच्या मोहल्ल्यांतील दारें तशीं उघडलीं नाहींत. राजे भांडण सुरू करतात व थांबवितातही. परंतु त्यांनीं जें शेजाऱ्यांत पेरलें, तें उपटणें त्यांच्या हातीं उरत नाहीं. आणि पुढील कुंभारास भाजलेल्या भांड्यांची रास आयतीच सांपडते. विस्तृत युद्धाचें खरें भय येथें आहे.

हें सर्व दूरदेशींचें असें म्हणण्याची सोय आपणांस नाहीं. आखाताच्या सहा अरब राज्यांत २०२४ च्या सुमारास जवळजवळ ९० लाख भारतीय राहत होते. रत्नागिरी-रायगडकडील आणि गोव्याकडील कित्येक घरांची चूल तेथील पगारावर पेटते. १९९० सालीं कुवेत पडलें, तेव्हां १ लाख ७० हजारांहून अधिक भारतीयांस परत आणावें लागलें, आणि अम्मानहून निघालेलीं विमानें मुंबईसच उतरत होतीं. २०१९ च्या सप्टेंबरांत सौदी अरबस्तानांतील अब्कैक येथील तेलाच्या कारखान्यावर हल्ला होतांच त्या देशाचें निम्मेंअधिक तेल-उत्पादन कांहीं दिवस बंद पडलें. जगाच्या खपाच्या सुमारें एक पंचमांश तेल २०२४ सालीं होर्मझच्या अरुंद सामुद्रधुनींतून गेलें. आपल्या स्वयंपाकघरांतील गॅसचा मोठा भागही त्याच वाटेनें आलेला.

मग आपण काय करावें ? तेथील युद्ध थांबविणें आपल्या हातीं नाहीं. परंतु घरांत बोलतांना विचार करणें आहे. तेथील वार्ता वाचून मुलांनीं विचारलें, तर ‘त्यांचा धर्मच तसा’ असें म्हणून प्रश्न मिटवूं नये. कोणत्या राजाला कशाचें भय वाटलें, शस्त्रें कोणीं पुरविलीं, आणि कालपर्यंत तेच शेजारी कसे राहत होते, हे तीन प्रश्न त्यांना विचारावयास शिकवावें. कैरो येथील अल-अझहर ह्या सुन्नींच्या प्रख्यात विद्यापीठाचे प्रमुख शेख शलतूत यांनीं १९५९ सालीं शियांचा जाफरी संप्रदायही अनुसरण्यास योग्य असल्याचा निर्णय दिला होता, हेंही सांगावें. म्हणजे त्या समाजांतही सांधणारे लोक आहेत हें मुलांस कळेल. आणि हे तीन प्रश्न केवळ परक्यांच्या भांडणासाठीं नाहींत. आपल्या गांवांत कोणी शेजाऱ्याची ओळख त्याच्या जातीवरून वा पंथावरून करून देऊं लागेल, तेव्हां तेच प्रश्न त्यालाही विचारावेत, आणि भांडें भट्टींत जाण्यापूर्वीं विचारावेत.