दिवाणजी ते सीए

दहावीला मार्क कमी पडले की आपण सहज म्हणतो, "घाल कॉमर्सला." मला हे पटत नाही. बार्शीच्या आडत दुकानात शेतकऱ्याला पट्टी मिळते. हमाली, तोलाई वजा जाऊन हातात किती आले, हे घरच्या पोराला वाचता आलं, तर तीच हिशेबाची पहिली शाळा.

पुढे बारावीनंतर सीए फाउंडेशन, मग इंटरमीडिएट, शेवटी फायनल. बी.कॉम.ला 55 टक्के असतील तर फाउंडेशन द्यावी लागत नाही. आर्टिकलशिपची दोन वर्षं सीएच्या हाताखाली काम करत शिकायचं. त्यात विद्यावेतनही मिळतं.

परीक्षा अवघड आहे, हे खरंच. म्हणून पाढे आणि टक्केवारी प्राथमिक शाळेतच पक्की करून घेणं, हे आपलं काम.