फाळाला धार लावण्याचा दर
शौल राजाच्या काळी इस्राएलात लोहार सापडत नसे. हिब्रू लोकांनी तलवारी-भाले घडवू नयेत म्हणून पलिष्ट्यांनी केलेली ती तजवीज होती. फाळ बोथट झाला तरी शेतकऱ्याला धार लावायला शत्रूच्या मुलखात उतरावे लागे. 'पहिले शमुवेल'च्या तेराव्या अध्यायात ही हकिगत आहे आणि तिच्यात 'पीम' हा शब्द आहे. हिब्रू बायबलमध्ये तो एवढ्या एकाच ठिकाणी येतो, त्यामुळे अर्थ ताडून पाहायला दुसरे वाक्यच नाही. १६११च्या इंग्रजी बायबलात त्याची चक्क कानस झाली: लोकांकडे अवजारे घासायला कानस होती, असा अर्थ लागला आणि मूळ गाऱ्हाणेच पुसले गेले. उलगडा जमिनीतून झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी पॅलेस्टाईनमधल्या उत्खननांत घुमटाकार, छोटी दगडी वजने मिळू लागली. काहींवर जुन्या हिब्रू लिपीत 'पीम' कोरलेले. वजन साधारण ७.८ ग्रॅम, म्हणजे शेकेल या जुन्या वजनाच्या दोन तृतीयांशाच्या आसपास. त्या काळी नाणी नव्हती, चांदी तोलूनच देत. पीम म्हणजे फाळाला धार लावण्याचा दर! मला यात सर्वांत मोलाची वाटते ती नकलनवीसांची निष्ठा. हिब्रू लोकांचे यहूदाचे राज्य बुडाले, ती वजने वापरातून गेली, अर्थ विसरला गेला. तरीही ती तीन हिब्रू अक्षरे त्यांनी बदलली नाहीत, गाळली नाहीत, शतकानुशतके जशीच्या तशी उतरवत राहिले.