घासाघीस कोणाशी?

डिसेंबर २०२४ मध्ये कैरोला जाण्याचा योग आला. चौदाव्या शतकाच्या अखेरीस वसलेल्या खान अल्-खलिली बाजारात आमच्या गटातील एका गृहस्थांनी पितळेचा नक्षीदार दिवा पाहिला. दुकानदाराने ९०० पौंड सांगितले. उतरत उतरत तो ४०० वर आला आणि तेथेच अडला. गृहस्थांनी दोनदा पाठ फिरवली आणि अखेर ३५० पौंडांना दिवा पदरात पाडून घेतला. रात्री जेवताना या पराक्रमाचे सविस्तर कथन झाले. आम्हीही हसलो. खोलीवर येऊन हिशेब मांडला, तेव्हा मात्र ते हसू टिकले नाही.

घासाघीस हे पाप आहे, असे आमचे म्हणणे नाही. जेथे वस्तूवर किंमत लिहिलेली नसते, तेथे ती बोलूनच शोधावी लागते. क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी मोरोक्कोतील सेफ्रू येथील बाजाराचा अभ्यास करून १९७८ मध्ये दाखवून दिले, की अशा बाजारात सर्वांत दुर्मिळ असते ती माहिती, आणि म्हणूनच गिऱ्हाईक व दुकानदार परस्परांना धरून राहतात. उद्या पुन्हा तोंड दाखवायचे असते, ही जाणीव दोघांनाही आवरते. पर्यटक मात्र एकदाच येतो. त्यामुळे दुकानदार तिप्पट भाव सांगतो, त्यात पुष्कळदा वाटाड्याचे कमिशनही असते. आणि पर्यटकही समोरच्याच्या मुद्दलापर्यंत जायला कचरत नाही. दुकानदार काही संत नव्हे, हे आम्ही जाणतो.

परंतु आपण त्या गल्लीत पाऊल टाकण्यापूर्वीच एक मोठी घासाघीस होऊन गेलेली असते. २०२२ च्या आरंभी डॉलरला सुमारे १६ इजिप्शियन पौंड पडत. मार्च २०२४ मध्ये सरकारने नाणे बाजारावर सोडले आणि तो दर ५० च्या घरात गेला. त्याच दिवशी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे कर्ज ३ अब्ज डॉलरवरून ८ अब्जांवर नेण्याचा करार झाला. जे १०० पौंड घेण्यास आपणांस पूर्वी पावणेपाचशे रुपये लागले असते, ते आता सुमारे १७० रुपयांत मिळाले. तेथील भाव वाढले हे खरे. सप्टेंबर २०२३ मध्ये शहरी महागाईचा वार्षिक दर ३८ टक्क्यांवर गेला होता. पण त्या महागाईचा भार पौंडात कमावणाऱ्यांवर पडला, रुपये घेऊन येणाऱ्यांवर नव्हे.

आता ते शेवटचे ५० पौंड पाहा. आपले सुमारे ८५ रुपये! याच गृहस्थांनी विमानतळावर कॉफीच्या पेल्याला त्याच्या तिप्पट रक्कम निमूटपणे मोजली होती. जून २०२४ मध्ये इजिप्त सरकारने रेशनवरील भाकरी ५ पियास्त्रांवरून २० पियास्त्रांवर नेली. माणशी दिवसाला ५ भाकऱ्या मिळतात. वाढलेल्या दरानेही ५० पौंडांत एका माणसाची ५० दिवसांची भाकरी येते.

जानेवारी १९७७ मध्ये सादात सरकारने खाद्यपदार्थांवरील अनुदाने कापली, तेव्हा जनता रस्त्यावर उतरली. अनेकांचे प्राण गेले, आणि सरकारला माघार घ्यावी लागली. ती दुबळ्यांनी बलवानाशी केलेली घासाघीस होती. आमच्या गृहस्थांची नेमकी उलट्या दिशेची.

भारतीयांना तरी हे कळावयास हवे. जुलै १९९१ मध्ये तीन दिवसांत दोनदा रुपयाचे अवमूल्यन झाले, तेव्हा काउंटरच्या पलीकडच्या बाजूस आपणच उभे होतो. आज आपला मध्यमवर्ग अलीकडच्या बाजूस आला, याचा आनंद जरूर मानावा. पण जुनी जागा विसरू नये.

म्हणून परदेशी बाजारात जरूर घासाघीस करावी, पण भाव कळण्यापुरती, जिंकण्यासाठी नव्हे. दुकानदार जेथे खरोखर अडतो, तेथे आपणही थांबावे. आणि अंगात उरलेली जिद्द जेथे किंमत छापून येते, जेथे कर्जाच्या अटी लिहिल्या जातात, तेथे वापरावी. तेथे मात्र आपण पावती घेऊन गप्प बसतो.