पिवळा दिवा आणि स्मॉगची परीक्षा

मंडळी, रजिस्ट्रेशनच्या नूतनीकरणाचे पाकीट घरी येते, त्यात ‘स्मॉग सर्टिफिकेट हवे’ अशी ओळ असते, आणि मग एकदम आठवते की डॅशबोर्डवरचा तो पिवळा इंजिनाचा दिवा गेले दोन महिने पेटलेलाच आहे. गाडी तर छान चालते आहे! एखादा मित्र सांगतो, ‘‘अरे, बॅटरीची वायर काढ, पंधरा मिनिटांनी लाव. दिवा जाईल.’’ दिवा जातो. गाडी मात्र नापास होऊन परत येते.

आपल्याला सवय भारतातल्या पीयूसीची. पेट्रोल पंपाजवळच्या व्हॅनमधला माणूस सायलेन्सरमध्ये नळी खुपसतो, यंत्रावर आकडे येतात, कागद हातात पडतो. इथे १९९६ पासूनच्या मॉडेलना ओबीडी-टू ही व्यवस्था सक्तीची झाली आणि परीक्षेची तऱ्हाच बदलली. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचे एक सॉकेट असते. त्यात केबल लावून गाडीच्याच कॉम्प्युटरची साक्ष काढतात. कॅलिफोर्नियात २०१५ पासून, २००० आणि नंतरच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांचा धूर मोजतच नाहीत. (साक्षीदाराला पढवून ठेवता येते हे त्याच २०१५ साली फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांनी जगाला दाखवले, पण तो विषय निराळा.)

हा कॉम्प्युटर गाडी चालताना स्वतःच्या चाचण्या स्वतःच घेत असतो. ऑक्सिजन सेन्सर ठीक आहे का, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काम करतो का, टाकीतून पेट्रोलची वाफ गळते का, वगैरे. या चाचण्यांना मॉनिटर म्हणतात. बॅटरी काढली की दिव्याबरोबर त्यांचे निकालही पुसले जातात, आणि कोरी पाटी घेऊन आलेल्या गाडीला इथे पास करत नाहीत. केंद्राच्या मार्गदर्शक नियमात १९९६ ते २००० च्या गाड्यांना दोन आणि २००१ नंतरच्यांना एक मॉनिटर अपुरा चालतो. कॅलिफोर्निया त्याहून कडक: २००० नंतरच्या पेट्रोल गाडीला फक्त वाफेचा मॉनिटर अपुरा असण्याची मुभा. शिवाय जुलै २०१९ पासून तिथे साधारण २०१० नंतरच्या गाड्यांचे ‘पर्मनंट कोड’ही बघतात, आणि ते ना बॅटरी काढून जातात, ना स्कॅनरने. दोष खरोखर गेला अशी गाडीची खात्री पटली की तीच ते काढते.

म्हणून दिवा विझवायच्या आधी तो काय म्हणतो ते वाचावे. वीस-तीस डॉलरचा कोड रीडर आमच्या मते घरात प्रेशर कुकरइतकाच जरुरीचा आहे. पण कोड वाचला म्हणजे रोग कळला असे नव्हे, आणि आपल्या लोकांचे खरे पैसे जातात ते इथे.

आमच्या परिचयाचे एक जोडपे, नुकतेच या देशात आलेले, घरात एकच जुनी सेडान, बाळाला डे-केअरला सोडायचे तेही तिच्यातूनच. गाडी स्मॉगला नापास झाली. कोड दोन: पी ०१३५ आणि पी ०१४१, म्हणजे पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरची तक्रार. गॅरेजने पुढचा सेन्सर बदलला. दिवा परत आला. मागचाही बदलला. दिवा परत आला. मग ‘‘कॉम्प्युटर गेला असेल’’ असे सांगण्यात आले, आणि त्याची किंमत ऐकून दोघे गाडी विकायच्या विचाराला लागले. रजिस्ट्रेशनची मुदत संपायला बारा दिवस उरले होते.

आता जरा विचार करा. दोन निरोगी माणसे एकाच रात्री आजारी पडली तर आपण आधी काय विचारतो? दोघांनी जेवण कुठे घेतले! दोन सेन्सर एकाच दिवशी मरत नाहीत. दोघांना मिळून जे एक आहे ते बिघडलेले असते. या गाडीत दोन्ही हीटरना वीज एकाच फ्यूजमधून जात होती आणि तो फ्यूज उडालेला होता. नवा घातला, तोही उडाला. मग वायरचा माग काढत गेल्यावर सापडले. वायर धरून ठेवणारी प्लॅस्टिकची क्लिप तुटलेली, त्यामुळे वायर गरम एक्झॉस्टला टेकून तिचे आवरण वितळलेले, आणि तांबे सरळ लोखंडाला लागलेले. वायरचा तो तुकडा बदलला, वर उष्णता सोसणारी नळी चढवली, नवी क्लिप, नवा फ्यूज. दोन्ही जुने सेन्सर बहुधा ठणठणीत होते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही!

हीटरचे प्रयोजन असे, की सेन्सर सुमारे ३०० अंश सेल्सियस तापल्याशिवाय नीट बोलत नाही. हीटरच्या एका वायरीने बारा व्होल्ट येतात, दुसरी वायर कॉम्प्युटर अर्थला जोडतो आणि सोडतो. तेव्हा क्रम असा ठेवावा: आधी फ्यूज, मग सेन्सरचा कनेक्टर सोडून वीज पोचते का (काही गाड्यांत ती इंजिन चालू असतानाच येते), मग हीटरचा रोध. मल्टिमीटरवर काही ओहम ते वीसेक ओहम आले तर हीटर जिवंत. काहीच जोड दाखवला नाही तर गेला. हे सगळे ठीक असेल तरच कॉम्प्युटरकडे संशयाने बघायचे.

मीटरचाही एक धोका ध्यानात ठेवा. गंजून गंजून वायरचा एकच धागा उरला असला तरी मीटर बारा व्होल्ट दाखवतो. चाळीतल्या नळासारखे: थेंबथेंब पाण्याने पेला भरतो, बादली भरत नाही. हीटरसारख्या जाड काम करणाऱ्या वायरीला छोटा बल्ब लावून पाहावे, झगझगीत लागतो की मिणमिणतो. (हा प्रयोग कॉम्प्युटरच्या नाजूक सिग्नल वायरींवर मात्र करू नये.) बर्फात मीठ टाकणाऱ्या राज्यांत बहुतेक खोड्या अर्थच्या असतात. इंजिन चालू ठेवून, दिवे आणि पंखा लावून, बॅटरीची ऋण खुंटी आणि इंजिनाचे उघडे लोखंड यांच्यामध्ये मीटर धरा. ०.१–०.२ व्होल्टपर्यंत ठीक. अर्धा व्होल्ट आला तर अर्थची पट्टी सोडून घासून साफ करा. एका खराब अर्थपायी पाच निरनिराळे कोड येऊ शकतात.

दिवा मिचकावत असेल तर गोष्ट वेगळी. ठिणगी चुकते आहे, न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याला भाजते आहे. गाडी थांबवा. प्रत्येक सिलिंडरवर वेगळी कॉइल असेल आणि कोड पी ०३०२ असेल, तर दुसऱ्या सिलिंडरची कॉइल चौथ्यावर ठेवून बघावी. कोड पी ०३०४ झाला, की कॉइलच दोषी. पैशाचाही खर्च नाही.

आणखी एक गंमत. कधीकधी तपासणी यंत्राचा गाडीशी संवादच होत नाही. पुष्कळ गाड्यांत त्या सॉकेटची वीज सिगरेट लायटरच्या फ्यूजवरूनच येते. पोराने लायटरच्या भोकात नाणे टाकले की फ्यूज गेला आणि गाडी मुकी झाली! तसेच किल्ली फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्यापूर्वी, पिवळा दिवा क्षणभर लागलाच पाहिजे. बल्ब गेला असेल तरी नापास.

दुरुस्तीनंतर लगेच तपासणीला धावू नका. टाकी पाव ते पाऊण भरलेली ठेवा, गाडी रात्रभर थंड होऊ द्या, मग थोडे शहरात आणि थोडे फ्रीवेवर एकाच वेगाने, असे चार-सहा दिवस चालवा. मॉनिटर पुरे झाले का ते कोड रीडरच सांगतो.

राज्यागणिक नियम वेगळे, तेही बदलत असतात. न्यू जर्सीने २०१६ मध्ये १९९५ आणि त्याआधीच्या पेट्रोल मोटारींची तपासणी सोडून दिली, वॉशिंग्टन राज्याने २०२० च्या आरंभी सगळीच, तर टेक्सासात २०२५ पासून सेफ्टी तपासणी गेली तरी ह्यूस्टन आणि डॅलस परिसरात धुराची राहिली आहे. कन्व्हर्टर किंवा इंजिनाचा कॉम्प्युटर खरोखरच गेला असेल, तर गाडी ८ वर्षे आणि ८०,००० मैलांच्या आत आहे का ते पाहा. या दोन भागांवर तेवढी केंद्रीय वॉरंटी असते आणि डीलर ती आपणहून सांगेलच असे नाही. कॅलिफोर्नियात नापास गाडीच्या दुरुस्तीला उत्पन्नाच्या अटीवर सरकारी मदतही मिळते. अर्ज दुरुस्तीच्या आधी करायचा असतो, बरं का.

पुढच्या अंकात हिवाळ्यातली बॅटरी.