जादा मजले पक्के, चौक कच्चा

न्यूयॉर्कमध्ये माझ्या कामाच्या जागेजवळ एका उंच इमारतीच्या पायथ्याशी चौक आहे. परवा डबा घेऊन तिथे गेले, तर अर्धी जागा कॅफेच्या टेबलांनी अडवलेली. कठड्यावर बसले, तर गार्ड म्हणाला, "ही खासगी जागा आहे." त्याच्या मागच्याच भिंतीवर पाटी होती: 'सार्वजनिक जागा, सर्वांसाठी खुली.'

शहरात अशा पाचशेहून अधिक जागा आहेत. १९६१च्या झोनिंग नियमांनी बिल्डरांशी सौदा केला: खाली लोकांसाठी चौक सोडा, वर जादा बांधा. सर्वांत दाट भागांत एक चौरस फूट चौकामागे दहा चौरस फूट जादा बांधकाम! शहराला म्हणे चौक फुकटात मिळणार होते.

फुकट कसले? आपण उजेड, हवा आणि आभाळ मोजून दिलं. जादा मजल्यांचं भाडं इमारत उभी आहे तोवर मालकाला मिळत राहणार. आपल्या पदरात काय पडलं? सुरुवातीला तर चौकात बसायची सोय करण्याचीही सक्ती नव्हती. विल्यम व्हाइट यांनी लोक चौक कसे वापरतात याचा अभ्यास केला, तेव्हा कुठे १९७५मध्ये ती आली. २०१७मध्ये शहराच्या कंट्रोलरने ऑडिट केलं. ३३३पैकी १८२ ठिकाणी ठरलेल्या सोयी मिळत नव्हत्या. म्हणजे निम्म्याहून अधिक ठिकाणी करार मोडलेला, पण वरचे मजले शाबूत.

"काही दिल्याशिवाय बिल्डर चौक कशाला देईल?" असं मित्र विचारतात. माझा उलट प्रश्न आहे. जादा मजल्यांनी शहराचं नुकसान होत नसेल, तर मुळात मर्यादा कशासाठी? आणि होत असेल, तर खालच्या दोन बाकांनी ते कसं भरून निघणार?

मुंबईकरांना हे नवं नाही. तिथेही सार्वजनिक वाहनतळाच्या बदल्यात जादा एफएसआय दिला गेलाच.

मी उंच इमारतींच्या विरोधात नाही. पण सौदा करायचाच, तर दोन्ही बाजूंनी पक्का करा. दरवर्षी तपासणी हवी आणि करार मोडला, तर दंड जादा मजल्यांच्या भाड्याच्या हिशेबात हवा. किरकोळ दंड मालक खर्चात धरतो आणि विसरून जातो.

तोवर आपण एवढं करू शकतो. पाटी वाचायची, डबा उघडायचा आणि कुणी उठवलंच, तर ३११वर तक्रार नोंदवायची. त्या जागेची किंमत आपण कधीच चुकती केली आहे.